कडेबाहेरचे चौकोन

एक समभुज त्रिकोण आहे. प्रत्येक बाजू ७ फूट. क्षेत्रफळ काढायचे नियम दोन, आणि उत्तरंही दोन. पहिला नियम असा: बाजूला बाजूने गुणा, त्यात आणखी एक बाजू मिळवा, आलेल्याचं निम्मं करा. सातासाती ४९, अधिक ७ म्हणजे ५६, निम्मे २८. दुसरा नियम: बाजूतून तिचाच सातवा भाग वजा करा, म्हणजे उंची ६ आली, मग पाया गुणिले उंची, त्याचं निम्मं, २१. जमीन तीच, मोजायची काठी तीच, आणि उत्तरात ७ चौरस फुटांची तफावत. हजार वर्षांपूर्वी ओरियाकच्या झेर्बेरने हे कोडं अ‍ॅडलबोल्ड नावाच्या एका विद्वानाला पत्रातून उलगडून सांगितलं. अ‍ॅडलबोल्ड पुढे उट्रेख्टचा बिशप झाला. झेर्बेर त्याच्याही वर गेला. ९९९ साली तो पोप झाला, दुसरा सिल्व्हेस्टर या नावाने, आणि त्या गादीवर बसलेला पहिला फ्रेंच माणूस ठरला. त्याच्या चार वर्षांच्या कारकिर्दीत सम्राट आहेत, बंडं आहेत, राजमुकुट आहेत. पण त्याची आठवण निघाली की माझ्यापुढे आधी येतो तो हा ७ फुटांचा त्रिकोण.

पत्रात त्याने ३० फुटांच्या त्रिकोणापासून सुरुवात केली आहे. उंची २६ धरून पाया-उंचीच्या रीतीने ३९०, बाजू मिळवायच्या पहिल्या नियमाने ४६५. मग कारण दाखवायला तो लहान आकृतीवर येतो. फूटभर लांब, फूटभर रुंद असे छोटे चौकोन घ्या, म्हणतो. तळाच्या ओळीत ७, त्यावर ६, त्यावर ५, असं करत शेंड्याला १. बेरीज २८. पण चौकोनाला कोपरे असतात आणि त्रिकोणाची कड तिरकी असते. प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांचे चौकोन कडेबाहेर डोकावतात. ज्याचा नुसता कोपरा आत आला तोही पहिला नियम पुरा धरतो, म्हणून २८. दुसरा नियम कडेच्या आतलंच मोजतो, म्हणून २१. आजच्या हिशोबाने खरं क्षेत्रफळ २१.२ च्या आसपास भरतं, कारण खरी उंची ६ पेक्षा किंचित जास्त आहे. सातवा भाग वजा करायची त्याची रीत इतकी जवळ जाते. पहिला नियम रोमन मोजणीदारांच्या काळापासून चालत आलेला होता. त्याने शेत मोजलं तर मालकाच्या नावावर एक तृतीयांश जास्त जमीन चढते आणि सारा त्या जास्तीच्या जमिनीवरही पडतो. बांधाच्या हातभर जागेवरून भाऊबंदकी पाहिलेल्या माणसाला २१ आणि २८ मधलं अंतर समजावून सांगावं लागत नाही.

मला यात भावते ती त्याची सांगण्याची तऱ्हा. जुना नियम खोटा आहे, एवढं म्हणून तो थांबला असता तरी चाललं असतं. तो मात्र चूक नेमकी कुठे बसली आहे ते बोट ठेवून दाखवतो.

ही सवय त्याच्या सगळ्या कामात दिसते. फ्रान्समधल्या ऑव्हेर्न्यच्या डोंगराळ मुलखात सामान्य घरात जन्म, ओरियाकच्या मठात बालपण. ९६७ मध्ये बार्सिलोनाचा काउंट बोरेल तिथे आला आणि या हुशार पोराला बरोबर घेऊन गेला. व्हिकच्या बिशप आत्तोच्या हाताखाली, पिरेनीज पर्वताच्या दक्षिणेला, त्याने तीनेक वर्षं गणित शिकलं. पलीकडे अरबी स्पेन होतं, अल्याड रिपॉयसारखे ग्रंथांनी भरलेले मठ होते, आणि मधल्या पट्ट्यातून पुस्तकं, माणसं, खुणा ये-जा करत होत्या. त्या खुणांमध्ये नऊ आकडे होते. ९७६ साली उत्तर स्पेनमधल्या अल्बेल्डाच्या मठात एका हस्तलिखितात ते नऊच्या नऊ उतरवले गेले, आणि शेजारी लिहिलं गेलं की भारतीयांची बुद्धी अतिशय सूक्ष्म असून अंकगणितात, भूमितीत बाकीचे त्यांच्यामागे आहेत. त्याच्याही आधी, ६६२ मध्ये, सिरियातल्या एका बिशपने भारतीयांच्या गणिताचं असंच कौतुक केलं होतं: नऊ खुणांनी करतात, म्हणून.

दोन्हीकडे नऊच. दहावं कुणी मोजलेलं नाही.

त्या आकड्यांचे पूर्वज आपल्या दारात कोरलेले आहेत. जुन्नरजवळच्या नाणेघाटात, सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात, यज्ञांत दान दिलेल्या गायी, घोडे, कार्षापण नाणी यांचे आकडे ब्राह्मी खुणांत आहेत. तिथे १०० ला वेगळी खूण, १००० ला वेगळी, आणि ४००० लिहायचे तर हजाराच्या खुणेला चाराची खूण जोडलेली. जागेवरून किंमत ठरण्याची युक्ती अजून यायची होती, शून्यही यायचं होतं. एकेका खुणेचं वळण बदलत, बगदादवरून, अरबी लेखणीतून, ती रांग बार्सिलोनाच्या मुलखापर्यंत, कॅटलोनियापर्यंत पोचली. युरोपातल्या जुन्या हस्तलिखितांत या आकड्यांना काही विचित्र नावं दिलेली सापडतात. चाराला अर्बास, आठाला तेमेनियास. दोन्ही उघड अरबी आहेत. घाटातला लेख पाहताना मला हा पुढचा प्रवासही दिसतो. दगडावरच्या त्या खुणा कधीतरी शिंगाच्या तुकड्यांवर कोरल्या जाणार होत्या.

९७२ नंतर झेर्बेर फ्रान्समधल्या रीम्सच्या कॅथेड्रलच्या शाळेत शिकवू लागला. त्याचा शिष्य रिशेर याने लिहून ठेवलं आहे की गुरूने एका ढाली बनवणाऱ्या कारागिराकडून अबॅकसचा फळा करून घेतला. आजच्या मुलांच्या तारा-मण्यांच्या चौकटीशी त्याचा संबंध नाही. हा सपाट फळा होता, लांबीत २७ रकाने पाडलेला. सोबत शिंगाच्या १००० सोंगट्या, प्रत्येकीवर नऊपैकी एक खूण. त्याआधी फळ्यावर खडे मांडत. ७ दाखवायला सात खडे. आता ७ ची खूण असलेली एक सोंगटी पुरे. उजवीकडचा पहिला रकाना एककाचा, मग दशक, शतक, आणि पुढे तिनातिनाचे गट. सोंगटीवरचा आकडा काय, यापेक्षा ती कुठल्या रकान्यात पडली आहे, हे महत्त्वाचं झालं.

२५ ला २४ ने गुणायचं आहे असं समजा. चोक पाचे २०: एककात काही नाही, दशकात २ ची सोंगटी. दशकातल्या २ ला एककातल्या ४ ने गुणलं, ८ दशक: दशकात ८ ची सोंगटी. एककातल्या ५ ला दशकातल्या २ ने गुणलं, १० दशक: दशकात काही नाही, शतकात १. दशकातले २ आणि दशकातले २, गुणाकार शतकात पडतो: शतकात ४. आता आवरायला घ्या. दशकात २ आणि ८ पडल्या आहेत, त्यांचे १० होतात. दोन्ही उचला आणि शतकात १ ची सोंगटी ठेवा. शतकात १, ४, १ जमल्या. तिन्ही उचलून ६ ची एक ठेवा. फळ्यावर आता एकच सोंगटी आहे, तिसऱ्या रकान्यात. उत्तर ६००. झेर्बेरने या रीतीचे नियम फ्लरीच्या कॉन्स्टन्टीन नावाच्या भिक्षूसाठी लिहून काढले. कुठल्या रकान्याला कुठल्या रकान्याने गुणलं की एककाचा भाग कुठे आणि दशकाचा भाग कुठे ठेवायचा, एवढीच त्यात ओळीमागून ओळ. या दोन भागांना लॅटिनमध्ये शब्द होते ते बोट आणि पेर. आपण बोटांच्या पेरांवर मोजतो आणि वर गेलेल्या दशकाला हातचा म्हणतो. हाताची ही आठवण दोन्ही भाषांत शिल्लक आहे.

भागाकार जास्त अवघड, आणि त्यातली एक रीत मला विलक्षण वाटते. ६७ ला ८ ने भागायचं. ८ चा पाढा म्हणायचा नाही. ८ ऐवजी १० ने भागायचं आणि जास्त काढलेलं परत करायचं. ६० मधून ६ वेळा १० काढले. प्रत्येक वेळी २ जास्त गेले, म्हणून १२ परत. उरलेले ७ आणि हे १२, झाले १९. त्यातून एकदा १० काढले, २ परत, ११. पुन्हा एकदा १०, २ परत, ३ उरले. सहा, एक, एक: भागाकार ८, बाकी ३. लांबचा रस्ता आहे खरा, पण कुठेही अंदाजाने भाग लावावा लागत नाही.

आता त्या एकट्या ६ च्या सोंगटीकडे परत पाहू. दोन रकाने मोकळे आहेत आणि मोकळेपणानेच सगळं सांगून झालं आहे. झेर्बेरच्या हातात नऊ आकडे आले, शून्य आलं नाही, याची अनेकांना हळहळ वाटते. मलाही वाटायची. पण फळ्यावर सोंगट्या मांडून पाहिल्या की कळतं, तिथे शून्याला कामच नव्हतं. रिकामी जागा समोर दिसत होती. अडचण येते ती उत्तर फळ्यावरून उचलून कातड्यावर लिहिताना. फळ्याबाहेर पडलेला ६ नुसता ६ असतो. म्हणून हिशोब सोंगट्यांनी व्हायचा आणि उत्तर पुन्हा रोमन अक्षरांत उतरवलं जायचं. आणखी एक अडचण अशी की शिंगाची गोल सोंगटी हातात फिरते, वरची बाजू खाली येते. त्या काळच्या हस्तलिखितांत काही आकडे आडवे किंवा उलटे लिहिलेले दिसतात, त्याचं कारण या फिरणाऱ्या सोंगट्याच असाव्यात असा अभ्यासकांचा तर्क आहे. शिवाय खडे ठेवणाऱ्याला नुसतं मोजता आलं की पुरे. खुणांच्या सोंगट्या वापरणाऱ्याला ८ आणि ८ मिळून १६ हे पाठ पाहिजे. पुढे बाजारपेठांतला हिशोब खुणा नसलेल्या साध्या चकत्यांवरच होत राहिला, आणि शून्यासकट दहाही आकडे घेऊन लेखणीने हिशोब शिकवणारा पिसाचा लिओनार्दो यायला १२०२ साल उजाडलं.

कॉन्स्टन्टीनला त्याने आणखी एका यंत्राची कृती कळवली आहे. लाकडी गोलाचा परीघ ६० भागांत विभागा. ध्रुवापासून ६ भागांवर उत्तरेचं वर्तुळ, तिथून ५ भागांवर अयनवृत्त, तिथून ४ भागांवर विषुववृत्त. सहा, पाच आणि चार, पंधरा. म्हणजे पाव परीघ. गोल अर्धा कापून आतून पोकळ करायचा, खुणांच्या जागी भोकं पाडायची आणि त्यांत अर्ध्या फुटाच्या नळ्या बसवायच्या, सगळ्या सारख्या जाडीच्या. नळ्यांत भिंगं नाहीत. डोळा इकडे-तिकडे भरकटू नये, एवढंच त्यांचं काम. सगळ्यात महत्त्वाचं, ध्रुवाची नळी बरोबर लागली पाहिजे. आजचा ध्रुवतारा त्या काळी खऱ्या ध्रुवापासून सुमारे ६ अंश दूर होता. त्यावर विसंबून चालणार नव्हतं. मग खरा तारा ओळखायचा कसा? नळी एका ताऱ्यावर रोखा आणि रात्रभर हलवू नका. तोच असेल तर रात्रभर दिसत राहील. दुसरा असेल तर थोड्या वेळात नळीतून निघून जाईल.

या वाक्यापाशी मी दरवेळी थांबते. त्यात जुन्या ग्रंथाचा दाखला नाही. जाग, थंडी आणि नळीला लावलेला एक डोळा एवढंच आहे.

ट्रिअरच्या रेमी नावाच्या भिक्षूला असाच एक गोल हवा होता, आणि बदल्यात तो एका लॅटिन काव्याची नक्कल करून देणार होता. गोल कातावर फिरवून, घोड्याचं कातडं चढवून, रंगवून द्यायचा. झेर्बेरने कळवलं: नुसत्या लाल रंगाचा साधा हवा असेल तर १ मार्चपर्यंत मिळेल, क्षितिज आणि नाना रंग हवे असतील तर वर्षाचं काम आहे. कारागिराने गिऱ्हाइकाला द्यावा तसा हा वायदा, आणि तो देणारा माणूस त्याच दिवसांत फ्रान्सच्या राजकारणात गळ्यापर्यंत बुडालेला होता. त्याच्या नावावर ऑर्गनच्या नळ्यांवरचा एक लेखही आहे. तार निम्मी केली की वरचा सा मिळतो. नळी निम्मी केली की मिळत नाही, सूर थोडा खाली राहतो, म्हणून नळी निम्म्याहून आखूड कापावी लागते. असं का, हे आज आपल्याला ठाऊक आहे: नळीतली हवा तोंडाशी संपत नाही, जराशी बाहेरपर्यंत थरथरते. इथेही कडेबाहेरचा तोच उरलेला भाग.

माणसांच्या जगात मात्र त्याला कड नीट आखता आली नाही. ९८२ च्या सुमारास सम्राट दुसरा ओटो याने त्याला इटलीतल्या बॉबियोच्या मठाचा प्रमुख केलं. तिथे ग्रंथ अमाप होते. भूमितीच्या सुंदर आकृत्या सापडल्याचं त्याने आनंदाने कळवलं आहे. पण मठाच्या जमिनी आधीच भलत्यांच्या हातात गेलेल्या आणि कुणी त्याचं ऐकेना. ९८३ च्या डिसेंबरात सम्राट वारला आणि त्याला रीम्सला परतावं लागलं. ९८७ मध्ये ह्यू कॅपेला फ्रान्सचा राजा करण्यात रीम्सचा आर्चबिशप अ‍ॅडलबेरोबरोबर त्याचाही हात होता. अ‍ॅडलबेरोनंतर ती जागा आर्नुल्फला मिळाली. आर्नुल्फने रीम्स शहर राजाच्या शत्रूच्या हवाली केलं. ९९१ मध्ये धर्मसभेने त्याला पदच्युत करून झेर्बेरला नेमलं. रोमने मान्यता दिली नाही. रोमला न विचारता बिशपांची सभा असा निर्णय घेऊ शकते, हे तो कित्येक वर्षं लिहून, बोलून, भांडून मांडत राहिला. शेवटी रीम्स सोडून तो तरुण सम्राट तिसऱ्या ओटोकडे गेला. आपला सॅक्सन गावंढळपणा घालवा, असं त्या मुलाने त्याला पत्रात विनवलं होतं. मग ९९८ मध्ये राव्हेनाचं आर्चबिशपपद, आणि वर्षभरात रोम.

पोप झाल्यावर आर्नुल्फचा प्रश्न त्याच्यापुढे आला. त्याने आर्नुल्फला त्याचं पद, अंगठी आणि हातातला धर्मदंड यांसह परत दिलं. कारण असं नोंदवलं की त्या पदच्युतीला रोमची संमती नव्हती. म्हणजे ज्या मुद्द्याविरुद्ध तो आयुष्याची उमेदीची वर्षं झगडला, तोच मुद्दा त्याने वापरला, आणि ज्याच्याविरुद्ध झगडला त्याच्या बाजूने. आर्नुल्फ निर्दोष होता असं मात्र त्यात म्हटलेलं नाही. हे वाचून मला कधी हा क्षमाशील माणूस वाटतो, कधी खुर्चीप्रमाणे मत बदलणारा. दोन्ही उत्तरं एकाच आकृतीतून निघतात, आणि इथे मला सातवा भाग वजा करायची रीत सापडलेली नाही.

बाकीची कारकीर्द भराभर सरते. सिल्व्हेस्टर हे नाव त्याने निवडलं कारण पहिला सिल्व्हेस्टर रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइनच्या काळचा पोप होता. सम्राट आणि पोप यांची जोडी पुन्हा जमवायचं स्वप्न त्या नावात होतं. १००० साली पोलंडमध्ये ग्नीएझ्नोचं आर्चबिशपपद उभं राहिलं. हंगेरीच्या स्टीफनला मुकुट त्यानेच पाठवला असं परंपरा सांगते. १००१ च्या आरंभी रोमकरांनी बंड केलं, पोप आणि सम्राट दोघांना शहर सोडावं लागलं. पुढच्या जानेवारीत ओटो वारला, वय अवघं २१. म्हातारा गुरू दुसऱ्यांच्या मर्जीने रोममध्ये परतला आणि १२ मे १००३ रोजी गेला.

मग लोकांनी त्याच्याभोवती चौकोन रचायला सुरुवात केली. शंभरेक वर्षांत गोष्टी पिकल्या: त्याने सैतानाशी करार केला, अरबी गुरूचं पुस्तक चोरलं, हो किंवा नाही म्हणणारं धातूचं मुंडकं घडवलं, जेरुसलेममध्ये मास, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, म्हणेपर्यंत मरण नाही असं मुंडक्याने सांगितलं आणि त्याने मास म्हटला तो रोममधल्या जेरुसलेम नावाच्या चर्चमध्ये. मला या गोष्टींचा राग येत नाही, वाईट वाटतं. सोंगट्या भराभर सरकवून कुणी क्षणात उत्तर काढलं तर न शिकलेल्याला ते चेटूकच वाटणार. रोममधल्या लॅटरन चर्चमधल्या त्याच्या थडग्याबद्दल तर असं म्हणत की पोपचा मृत्यू जवळ आला की आत हाडं खडखडतात. त्याचं मूळ थडग्यावरच्या लेखात आहे. प्रभू येईल तेव्हा, तुतारीच्या नादासरशी, ही जागा सिल्व्हेस्टरचे अवयव परत करील, एवढंच तिथे लॅटिनमध्ये कोरलं होतं. वाचणाऱ्यांनी येणारा प्रभू म्हणजे नवा पोप धरला, आणि नाद हाडांना चिकटवला.

तो पोप असताना अ‍ॅडलबोल्डने त्याला लिहून पाठवलं ते गोलाच्या घनफळाविषयी. व्यास दुप्पट केला की घनफळ आठपट होतं, आणि ते काढायचं असं: ७ फूट व्यासाचा गोल घ्या. त्याच्याभोवती घट्ट बसणारा घन ३४३ घनफुटांचा. त्याचे २१ सारखे भाग करा. ११ भाग गोलात मावतात, १७९ आणि वर दोन तृतीयांश. उरलेले १० भाग आठ कोपऱ्यांत, गोलाच्या बाहेर.